साल्कामावशीचा पहिला सॅमन

आमच्या स्वाला नदीवर एक जुना नियम आहे आणि तो कुठल्याही कागदावर लिहिलेला नाही. आयुष्यातला पहिला सॅमन गळाला लागला, की त्याच्या पाठीवर शेपटीजवळ करंगळीच्या पेराएवढा जो बिनकाट्याचा पर असतो, तो दातांनी तोडायचा आणि गिळायचा. कच्चाच. थंड, बुळबुळीत आणि चिवट. तोंड वाकडं केलं तर चालतं, थुंकलं तर चालत नाही. ज्याने मागचा पर गिळला तो मासेमार. बाकीचे नुसते पाण्यात उभे राहून आलेले.

मी बार्दी, या नदीचा राखणदार. कोण कुठल्या डोहावर उभा आहे, कोणाच्या गळाला कुठली माशी बांधलेली आहे, मासा केवढा लागला, हे सगळं बघणं माझं काम. माशी म्हणजे खरी नव्हे, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी. खोऱ्यातले लोक मला माघारी ‘फूटपट्टी’ म्हणतात. म्हणोत. माझ्या देखत सत्तर सेंटिमीटरचा मासा कोणी पंचाहत्तरचा सांगितला, तर मी भर जेवणात उठून दुरुस्ती करतो. त्यामुळे मला लग्नाकार्याची बोलावणी कमी येतात, पण नदीचा आकडा मात्र शुद्ध राहतो.

यंदा मासा कमी आला. उन्हाळा लागला की सॅमन समुद्रातून वर चढतात आणि धबधब्याशी आमची गर्दी जमते. यंदा दिवसभर डोळे फाडून बघितलं तरी एखादाच उडी मारताना दिसायचा, तोही रस्ता चुकल्यासारखा. शेवटी काठच्या शेतकऱ्यांच्या नदी मंडळाने ठराव केला, की या मोसमात एकही मासा मारायचा नाही. पकडायचा, मोजायचा आणि सोडून द्यायचा. ठराव शहाणपणाचाच होता. पण मग मागच्या पराचं काय?

या एका परावरून मंडळात जेवढा वाद झाला, तेवढा नव्या पुलावरूनही झाला नव्हता. अर्धे म्हणाले, पर खाऊनही मासा जगतो, त्याचं काही अडत नाही. त्यावर खालच्या वाडीचा शेतकरी उसळला, “म्हणजे पाहुण्याला घरी बोलवायचं आणि जाताना त्याचा कान ठेवून घ्यायचा?” शेवटी मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे माझा ओद्दुरमामा, टेबलावर हात आपटून म्हणाला, “पर ओठांत धरायचा. चावायचा नाही. विषय संपला!”

त्यामुळे उन्हाळाभर मला काय काय बघावं लागलं, ते माझं मला ठाऊक. धट्टेकट्टे पुरुष कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माशाच्या पाठीचं चुंबन घेत होते, आणि वर मलाच म्हणत होते, “फोटो काढ.” अरे, ही नदी आहे की लग्नाचा मांडव? माझं डोकं फिरायचं. पण ठराव म्हणजे ठराव. मी फोटो काढायचो.

आता साल्कामावशी. ओद्दुरमामाची धाकटी बहीण, माझ्या आईच्या पाठची. नदीकाठच्या पाहुणेघरात ती स्वयंपाक करते, म्हणजे मला मिसरूड फुटायच्या आधीपासून. तिच्या हातचं कोकराच्या मटणाचं सूप प्यायला लोक समुद्रापलीकडून येतात आणि मासेमारीचं निमित्त सांगतात. तिने आजवर जेवढे सॅमन साफ केले, भाजले, धुरावर सुकवले, तेवढे ओद्दुरमामाने स्वप्नातही पाहिले नसतील. पण तिने स्वतः एकही पकडला नव्हता.

याचं कारण अगदी साधं. नदीवर सकाळी गळ टाकायचे, दुपारी नदीला विश्रांती द्यायची आणि संध्याकाळी पुन्हा टाकायचे. सकाळी मावशी दुपारच्या जेवणात, संध्याकाळी रात्रीच्या जेवणात. ती मोकळी व्हायची ती नेमकी दुपारी. नदीची आणि मावशीची विश्रांती एकाच वेळी. तेव्हा गळ टाकणं गुन्हा, आणि गुन्हेगार पकडायला मी.

मग दुपारी ती पाहुणेघरामागच्या कुरणात उभी राहून सराव करायची. कोरड्या गवतावर. उन्हाळ्यामागून उन्हाळे. दोरी अशी सुंदर फेकायची, की बघणाऱ्याला वाटावं समोर नदीच आहे. त्या सरावात तिला गवत लागलं, वाळत घातलेल्या चादरी लागल्या, आणि एकदा ओद्दुरमामाचा बक्षीस मिळवलेला मेंढा लागला.

“जड होता हं,” ती म्हणाली होती. “बराच वेळ खेळवला मी त्याला.”

हा तिचा शेवटचा मोसम होता. गुडघे कुरकुरायला लागले होते. शरद लागला की राजधानीतून नवा आचारी येणार होता. बटाटा चिमट्याने उचलून ताटात ठेवणाऱ्यांपैकी. मावशी त्याबद्दल काही बोलायची नाही. फक्त कधीकधी कणीक जरा जास्तच जोरात आपटायची.

आणि ऑगस्टात एके दिवशी ध्यानीमनी नसताना संधी आली. एक पाहुण्यांची टोळी जेवून निघून गेली आणि दुसरी धुक्यामुळे विमानतळावरच अडकली. मी दुपारचा कॉफी पीत बसलो होतो. दारात मावशी उभी. अंगात तिच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या दिवंगत काकांची, रबरी पाणविजार. ती तिच्या काखेपर्यंत आलेली.

“बार्दी, संध्याकाळी नदी रिकामी आहे ना?”

“आहे.”

“स्वयंपाकघरही रिकामं आहे. आता विश्रांतीची वेळ संपली की मी जाते. तुझं काही म्हणणं?”

माझं कसलं म्हणणं? मी माझा चांगला गळ तिला दिला, माशी बांधून दिली आणि सांगितलं, “पडू नकोस. आणि लागलाच तर सोडायचा. ठराव माहीत आहे ना?”

“सोडायचा, हे माहीत आहे,” ती म्हणाली आणि निघालीसुद्धा.

मी बरोबर जायला हवं होतं. पण धबधब्यावरचं माशांचं मोजणीयंत्र शेवाळाने अडलं होतं, म्हणून मी तिकडे गेलो. परत आलो तर मावशी स्वयंपाकघरात, ओल्या पाणविजारीतच, स्टुलावर बसलेली. केस विस्कटलेले, गाल लाल, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला आधी वाटलं पडली आणि डोक्याला मार लागला.

“लागली,” ती म्हणाली. “म्हातारीच्या डोहात. मादी होती, पोटात अंडी. मोठ्ठी. आणि चावला मी पर. गिळला. आणि सोडून दिली तिला. गेलीसुद्धा, शेपटी हलवत.”

“चावलास? अगं, चावायचा नाही असं ठरलंय!”

“कुठे?”

“मंडळाच्या बैठकीत.”

“मी नव्हते बैठकीत. मी आत तुमच्यासाठी क्लेइना, त्या पीळ घातलेल्या गोड पुऱ्या, तळत होते. पंचवीस बापये बाहेर भांडत होते आणि प्रत्येकाला गरम हव्या होत्या.”



दुसऱ्या दिवशी खोऱ्यात बातमी पसरली आणि ओद्दुरमामा कॉफीला येऊन खो खो हसला. “साल्का, तुला मासा लागला, तू चावलास आणि तो पळाला. साक्षीदार कोण? फोटो कुठाय? मासा कुठाय? अगं, मग मीही काल एक देवमासा धरला होता, सोडून दिला बिचाऱ्याला!”

“तुला काय वाटतं, मी खोटं बोलते?”

“खोटं नाही गं. तो मेंढाच असेल पुन्हा.”

बाकीचेही हसले. मावशीने सगळ्यांना कॉफी दिली, रुबार्बचा मुरंबा दिला आणि आत निघून गेली. खरं सांगायचं तर मलाही शंका होतीच. दगडाला अडकलेला गळ नवख्याला मासा वाटतो. पण ती आत गेली तेव्हा तिची पाठ बघून मला मामाचा राग आला, आणि थोडा स्वतःचाही.

म्हणून मी आत गेलो, तिला जरा हसवावं म्हणून. आणि नेमका तिथेच घोळ केला.

“मावशी, तू पर खरंच चावला असशील ना, तर त्या मादीची आता धडगत नाही.”

“का?”

मग मी सांगितलं. पलीकडच्या खोऱ्यात टाकीत वाढवलेली पिल्लं नदीत सोडतात. ओळखू यावीत म्हणून सोडण्याआधी त्यांचा मागचा पर कात्रीने कापतात आणि नाकात केसाएवढी तार घालतात. असा मासा वाट चुकून आमच्या नदीत शिरला, तर तो परका. आमची नदी रानटी, इथे टाकीतला एक मासाही कोणी कधी सोडलेला नाही, आणि याचा ओद्दुरमामाला स्वतःच्या मुलांपेक्षा जास्त अभिमान. म्हणून ‘एकही मासा मारायचा नाही’ या ठरावाला एकच अपवाद ठेवलेला. मागचा पर कापलेला मासा दिसला, तर त्याला मारायचं, डोकं कापायचं आणि राजधानीतल्या मासेसंस्थेकडे पाठवायचं.

मावशीच्या हातातली पळी सुपात तशीच राहिली.

“म्हणजे मी तिला खूण केली,” ती हळूच म्हणाली. “मारा म्हणून.”

“अगं, गंमत केली मी…”

“गंमत नाही. नियम आहे हा. तू नियमाची गंमत कधी केलीस?” ती माझ्याकडे वळली. “लागेल ना कोणाच्या तरी गळाला ती? अजून मोसम संपायचाय. अंडी घालायला आली होती रे ती. माझ्या हौसेपायी मरणार.”

“नदी मोठी आहे, मावशी.”

“म्हातारीचा डोह मोठा नाही.”

त्या दिवसापासून मावशीचा एकच ध्यास. तिचा स्वतःचा मान गेला खड्ड्यात. ती मादी मोसम संपेपर्यंत कोणाच्या गळाला लागता कामा नये. म्हातारीचा डोह स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. तिने खिडकीत दुर्बीण टांगली. एका डोळ्याने सूप, एका डोळ्याने डोह. पाहुण्यांनी विचारलं की आज कुठे जावं, तर म्हणायची, “म्हातारीच्या डोहात? छे हो, तिथे यंदा काही नाही. वरच्या घळीत जा, काल मी तिथे मासे उड्या मारताना पाहिले.” वरच्या घळीत तिने आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. तरीही कोणी म्हातारीच्या डोहाकडे निघालंच, तर त्याच्या हातात ती गरम पॅनकेकची बशी ठेवायची. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की त्यावर साय. त्या मोसमात पाहुण्यांची वजनं वाढली आणि म्हातारीचा डोह ओस पडला.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. “मावशी, पाहुण्यांना फसवतेस तू.”

“मग लाव मला दंड.”

“तसा नियम नाही.”

“बरं झालं. असता तर लावला असतास.”

एवढं बोलून ती वळायची. मला बोचायचं. ती मला कधीच म्हणाली नाही, की बार्दी, ती दिसली तर सोडून दे. एकदाही नाही. ती म्हणाली असती तर मी ओरडलो तरी असतो. ती न म्हणाल्याने माझी झोप उडाली. कारण ती मादी उद्या खरंच कोणाच्या गळाला लागली, तर मासे मारायचा दंडुका मलाच उचलावा लागणार होता.

सप्टेंबर लागला. डोंगरावरून मेंढ्या उतरल्या, झुडपं लाल झाली, मोसमाचे शेवटचे दिवस आले. या दिवसांत बाहेरचे पाहुणे नसतात, काठचे शेतकरी आणि त्यांचे सोयरेधायरे नदीवर येतात. ओद्दुरमामाने या खेपेला हेर्दिसबाईंना बोलावलं होतं. आकुरेरी शहरातल्या दंतवैद्य, मामाच्या सुनेची मैत्रीण. हसतमुख बाई, गळ आयुष्यात कधी हातात न धरलेल्या. मामा त्यांना शिकवणार होता, आणि मामाला आपण शिकवतो आहोत हे लोकांनी बघावं याची भारी हौस. म्हणजे सगळ्यांना दिसेल अशीच जागा हवी. त्याने निवडली म्हातारीच्या डोहाची.

मावशीने पॅनकेक पुढे केले. मामा म्हणाला, “नंतर.” तिने साय पुढे केली. तो म्हणाला, “साल्का, आम्ही मासे धरायला आलोय, बारशाला नाही.”

मी सकाळी पलीकडच्या काठाने फेरी मारत होतो. हेर्दिसबाईंनी तिसऱ्यांदा की चौथ्यांदा दोरी फेकली असेल, तीही स्वतःच्या टोपीवरून. आणि गळ वाकला. मामा ओरडला, “धरा! सोडा! धरा!” अशा सूचनांतूनही मासा टिकला, हे त्या बाईंचं नशीब. मी पाणी तुडवत पोचलो तोवर त्यांनी तिला जाळ्यात घेतलं होतं. जाळं पाण्यातच होतं, ती आत शांत उभी. रुंद पाठ, टम्म पोट, आणि अंगावर शरदातला तांबूस रंग चढलेला.

“माझा पहिला!” हेर्दिसबाई ओरडल्या. “आता पर ओठांत धरायचा ना?” त्यांनी वाकून तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. “अहो, पण पर कुठाय?”

पर नव्हता. शेपटीजवळ पाठीवर एक बुटकं, ओबडधोबड खुंट होतं.

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. “टाकीतला मासा! माझ्या नदीत!” तो इतका पांढरा पडला, की मला वाटलं आधी त्यालाच धरावं लागेल. “बार्दी, दंडुका काढ. आत्ताच्या आत्ता. आणि कोणाला सांगू नका, आधी डोकं पाठवू.”

मी पट्ट्यातला दंडुका काढला.  आणि तेवढ्यात काठावरून आवाज आला, “बार्दी! थांब!”

मावशी. कोपरापर्यंत पीठ, पायात घरातल्या चपला, गुडघे कुरकुरत असताना उतारावरून धावत आलेली. ती तशीच चपलांसकट पाण्यात शिरली आणि जाळ्याशी येऊन उभी राहिली. मासा बघितला. आणि एक अक्षर बोलली नाही. काय बोलणार होती? सांगून झालं होतं तिचं, तेव्हा सगळे हसले होते.

हेर्दिसबाई मात्र त्या खुंटाकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला. “हे कात्रीने कापलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “कात्रीची कड सरळ असते. हे दात आहेत.”

“सील असेल,” मामा म्हणाला. “नदीच्या तोंडाशी सील असतात.”

“सील एवढं हळुवार चावत नाही हो. ही माणसाची चावण आहे. खालचे दात स्वतःचे, वरची कवळी. आणि कवळीचा डावीकडे एक टवका उडालेला आहे, इथे बघा, एवढंच मांस राहिलंय.”

मावशीचा पिठाचा हात आपसूक तोंडावर गेला. गेल्या हिवाळ्यात सुका मासा चावताना तिच्या कवळीचा टवका उडाला होता, आणि शहरात जायला वेळ नाही म्हणून ती तशीच वापरत होती. हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक.

मामा म्हणाला, “साल्का… म्हणजे खरंच?”

“खरंच,” मावशी म्हणाली. “आता मार मला. तिला नको.”

मला वाटलं, आता मामा विरघळणार. पण ओद्दुरमामा अध्यक्ष आधी आणि भाऊ नंतर. “मला आनंद आहे गं,” तो घसा खाकरत म्हणाला, “पण ठराव आहे. आज तुझे दात म्हणून सोडला, तर उद्या टाकीतला मासा धरून कोणीही म्हणेल, माझ्या आज्जीने चावला. नियम एकदा वाकला की वाकला. बार्दी, तू तरी सांग. तू तर फूटपट्टी.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशी सोडून. ती माशाकडेच बघत होती.

“ठरावाचे शब्द काय आहेत, मामा?” मी विचारलं.

“तुला पाठ आहेत.”

“तू म्हण.”

“मागचा पर कापलेला मासा मारावा.”

“कापलेला,” मी म्हणालो. “चावलेला नाही. कापायला हत्यार लागतं. कवळी हे हत्यार आहे असं मंडळाने ठरवलं असेल, तर मला दाखव, मी आत्ता मारतो.”

“हे शब्दांचे खेळ झाले!”

“चुंबनं घ्यायला लावलीस तेव्हा मी शब्दच पाळले होते, मामा. उन्हाळाभर फोटो काढले मी. आज शब्द तूही पाळ.”

हेर्दिसबाई फिस्सकन हसल्या. मामा चिडला की एक पाऊल मागे सरून नवा मुद्दा काढतो. तसाच काढला. “ठीक. पण मग हा साल्काचा पहिला मासा म्हणून मोजायचा नाही. नुसतं चावून भागत नाही, गिळावा लागतो. गिळलास का गं? खरं सांग. थुंकला असशील.”

मावशीने पहिल्यांदा मान वर केली. भावाकडे बघितलं. चिडून नव्हे, अगदी मायेने, धाकट्या बहिणी बघतात तसं.

“ओद्दुर,” ती म्हणाली, “पहिला पर कोणी थुंकला होता आणि दगडाखाली लपवला होता, ते इथे या बाईंसमोर सांगू? मी सहा वर्षांची होते, पण त्या दगडामागेच बसले होते.”

मामाच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. मग गाल. मग मान. नदी मंडळाचा अध्यक्ष, खोऱ्यातला सर्वांत जुना मासेमार, पाण्यात उभा राहून लालबुंद झाला, आणि मी एवढ्या वर्षांत इतका खूश कधी झालो नव्हतो.

“सोड, बार्दी,” तो पुटपुटला. “शब्द म्हणजे शब्द. सोड.”

मी आधी तिला मोजलं. काम ते काम. मग जाळं हेर्दिसबाईंकडे दिलं, कारण मासा त्यांचा होता. त्यांनी मान हलवली. “माझा पहिला मी नंतर धरीन,” त्या म्हणाल्या. “हिला आजी, तुम्हीच जाऊ द्या.”

मावशीने हातांवरचं पीठ नदीत धुतलं. एक हात शेपटीजवळ, एक पोटाखाली, असं तिने त्या मादीला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. सॅमन धरणं तिला कोणी शिकवायला नको होतं. हजारो धरले होते तिने, पाटावर, सुरीखाली, सगळे मेलेले. पाण्यात परत जायला ताकद गोळा करणारा मासा दोन हातांत कसा वाटतो, हे पहिल्या खेपेला घाईत तिच्या लक्षातही आलं नसेल. या खेपेला तिने वेळ घेतला. कल्ले उघडत होते, मिटत होते. मावशीचे ओठ हलत होते, काय म्हणत होती ते तिचं तिला माहीत. मग शेपटीने एक फटका मारला, मावशीचं तोंड भिजलं आणि हात रिकामे झाले.

ती बराच वेळ तशीच वाकलेली राहिली. मला वाटलं रडते आहे. जवळ गेलो तर हसत होती.

“वर ये आता,” मामा काठावरून म्हणाला. “पाय गारठतील. आणि जेवणाचं बघायला हवं, सगळे येतील.”

“जेवणाचं तू बघ,” मावशी म्हणाली. “मी आज मासेमार आहे. मासेमार जेवायला बसतात.”

आणि ती बसली. टेबलाच्या डोक्याशी, कोरड्या मोज्यांत, लोकरी स्वेटर घालून. ओद्दुरमामाने बटाटे उकडले. अर्धे कच्चे, अर्धे पातेल्याला चिकटलेले. हेर्दिसबाईंनी ब्रेड कापला, दंतवैद्याला शोभेल एवढा पातळ. मी सूप गरम केलं आणि त्यात मीठ दोनदा पडलं. मावशीने सगळं शांतपणे खाल्लं आणि म्हणाली, “छान झालंय.” खोटं बोलायची तिला यंदा सवयच लागली असावी, कारण लगेच पुढे गोष्ट सुरू झाली.

कशी माशी पडली, कसा गळ वाकला, कशी ती मादी तिला ओढत खालच्या खडकापर्यंत घेऊन गेली. पाणी कमरेला होतं, मग छातीला आलं. सूप संपेपर्यंत मासा मोठा होत गेला. कॉफी आली तेव्हा मावशीने दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, “एवढी. नव्वदच्या वर, काय सांगू.”

टेबलाभोवतीच्या काही माना माझ्याकडे वळल्या. मामाच्या डोळ्यांत तर स्पष्ट आशा दिसत होती.

“बार्दी,” तो म्हणाला, “तू मोजलीस ना सकाळी? सांग बघू नक्की किती होती.”

मावशीचे हात हवेत तसेच होते. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर भीती होती. सकाळी दंडुका उचलला तेव्हासारखीच.

मी खिशातली टेप चाचपली. सकाळचा आकडा मला पाठ होता.

“हात ओले होते, मामा,” मी म्हणालो. “टेप घसरली. मावशी म्हणते तेवढीच असेल.”

मावशीने हात खाली घेतले आणि बटाट्यांचं पातेलं माझ्याकडे सरकवलं. मी दोन बटाटे घेतले, दोन्ही कच्चे, आणि गप्प बसून खाल्ले.